जुनी फोर्ड उभी करायचीय? बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या नवशिक्यांसाठी

आपल्या भागात जुन्या फोर्ड अजून निघतात. कारण उघड आहे. सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी अशी संस्थानं चहूबाजूंना होती, बेळगावात मिलिटरीची छावणी होती आणि निपाणीत तंबाखूचा पैसा खेळत होता. त्या काळात आलेली एखादी गाडी आज कुणाच्या तरी पडवीत पाचटाखाली उभी असते. कुणीतरी हौसेनं ती टेम्पोत घालून घरी आणतो, आधी रंगाचं कोटेशन घेतो, मग सीटचं, आणि इंजिन खोलल्यावर काम जे थांबतं ते थांबतंच.

माझ्याकडं प्रिफेक्ट, म्हणजे इंग्लंडची छोटी फोर्ड, आहे, अजून दोन गाड्यांच्या कामात मी हात घातलाय. त्यावरून ठाम सांगतो: आपल्याकडं कारागिरांची ददात नाही, सामानाची आहे, आणि कागदांचा तर दुष्काळच आहे. म्हणून गाडी रूपावर भाळून घेऊ नका. कागद कुठल्या गाडीचे आहेत आणि कुठल्या गाडीचं सामान इथल्या लेथवर बनू शकतं, हे बघून घ्या. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावलाय.

१. आधी ठरवा, कुठली फोर्ड?

भारतात फोर्डचा धंदा १९२६ मध्ये सुरू झाला, तो फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीच्या हाताखाली. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात गाड्या जोडल्या जात. म्हणून इथल्या बऱ्याच जुन्या फोर्ड उजव्या स्टिअरिंगच्या आणि कॅनडाहून आलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये बनलेल्या छोट्या फोर्ड वेगळ्या. १९५० च्या दशकात आयातीवर बंधनं आली आणि हे सगळं आटोपलं. त्यानंतर थेट १९९६ ला एस्कॉर्ट आली, १९९९ ला आयकॉन. २०२१ मध्ये कंपनीनं इथलं गाड्यांचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडं हाताला लागू शकतील अशा गाड्या साधारण या:

मॉडेल टी (१९०८ ते १९२७). नवशिक्यानं हिच्या नादाला लागू नये. तीन पेडल असतात, पण डावं क्लच-गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंगखाली हातात. पेट्रोल टाकीतून नुसत्या उतारानं कार्बोरेटरला येतं, त्यामुळं टाकी कमी भरलेली असली की उभ्या चढावर लोक ही गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवत.

मॉडेल ए (१९२७ ते १९३१). चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० हॉर्सपॉवर. जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये ही सर्वांत शहाणी निवड. अमेरिकेत हिचे जवळजवळ सगळे पार्ट आजही नव्यानं बनतात. फ्युएल पंपच नाही. टाकी काचेच्या पुढं, वरच्या बाजूला.

व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची (१९३२ पासून). आवाज ऐकलात की पैसे द्यायला तयार व्हाल. पण या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या पोटातून जाते, म्हणून ते तापतं. आपल्या एप्रिल-मेत जास्तच. दुसरी गाडी म्हणून घ्या.

प्रिफेक्ट आणि अँग्लिया, इंग्लंडच्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्रिफेक्टमध्ये ११७२ सीसीचं साधंसुधं इंजिन, तीन गिअर आणि ६ व्होल्टची वायरिंग. ब्रेक रॉडचे, म्हणजे ऑइल नाहीच. या गाडीत लेथवर बनणार नाही असं फार थोडं आहे. १९५३ नंतरच्या १००ई मॉडेलला १२ व्होल्ट आणि ऑइल ब्रेक आले. इंग्लंडमध्ये या इंजिनाच्या मालकांचा क्लब आहे, सामानाचे पत्ते तिथून मिळतात. पहिली गाडी म्हणून माझं मत हिलाच.

कॉन्सल, झेफिर. १९५१ नंतरच्या, चालवायला सुखाच्या. पण पुढचं सस्पेन्शन स्ट्रटचं आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या नळीत, वर बॉडीच्या पत्र्याला टेकलेले. त्याचा पत्रा वरून कुजला असेल तर हात लावू नका.

फोर्डची जीप. इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते. १९४२ ते १९४५ मध्ये विलीजच्या डिझाइनवर फोर्डनं बनवलेली जीपीडब्ल्यू ही खरी फोर्ड जीप. बाजारात मात्र महिंद्राची कुठलीही जुनी जीप ‘ओरिजिनल फोर्ड, मिलिटरी डिस्पोजल’ म्हणून खपवतात. ओळखायची सोपी खूण: बॉनेट उघडून रेडिएटरच्या खाली, चासीचे दोन्ही रेल जोडणारा आडवा तुकडा बघा. फोर्डला तो उलट्या ‘यू’ आकाराच्या चॅनेलचा असतो, विलीजला गोल पाइपचा. शिवाय फोर्डच्या बोल्टच्या डोक्यांवर आणि ब्रॅकेटवर ‘एफ’ अक्षर ठोकलेलं असतं. मात्र बोल्ट कुणीही आणून लावू शकतो. आडवा तुकडा बदललेला असेल तर वेल्डिंग लपत नाही.

एस्कॉर्ट, आयकॉन. यांना व्हिंटेज म्हणता येत नाही, पण खिसा लहान असेल तर सुरुवातीला वाईट नाहीत. आयकॉनचं १.६ पेट्रोल अजून चालवून बघा, मग बोला.

२. पैसे देण्याआधी कागद

या पायरीला कंटाळू नका. गाडीचं बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, हरवलेली मालकी होत नाही.

आधी आपल्या भागाचा गुंता समजून घ्या. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, त्याचं १९७३ ला कर्नाटक झालं. त्याआधी संस्थानांची नोंदणी वेगळीच होती. म्हणजे एकाच गाडीच्या आर.सी. बुकात दोन-दोन राज्यांचे शिक्के असू शकतात आणि मूळ रजिस्टर तिसऱ्याच ऑफिसात. अशा गाडीची नोंद ऑनलाइन दिसत नाही. म्हणून विक्रेता म्हणाला ‘ऑनलाइन नाही दिसत, पण कागद आहेत’ तर तो खोटं बोलतोय असं नाही; पण त्याच्या शब्दावर पैसेही देऊ नका.

करायचं असं:

- आर.सी. बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन घासून ठसा घ्या. फोटोत ३ चा ८ दिसतो.
- ज्या आर.टी.ओ.त नोंद आहे तिथून रजिस्टरचा उतारा काढा. कर्नाटकात याला ‘बी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. बेळगाव केए-२२, चिक्कोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. तालुका कुणाकडं येतो ते आधी विचारा, नाहीतर हेलपाटा.
- जुनी हस्तलिखित नोंद असेल तर ती संगणकात चढवून घ्यावी लागते. याला ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. ही जबाबदारी व्यवहारात विक्रेत्यावर टाका. तुम्ही पैसे दिल्यावर तो फोन उचलणार नाही.
- मूळ मालक वारलेला असेल तर फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांची संमती. इथं घोडं अडतं. चार भावांतला एक पुण्यात असतो, त्याची सही राहिलेली असते, आणि गाडी त्याच्याच आजोबांची असते.
- साधी खरेदी असेल तर फॉर्म २९ आणि ३०. आर.सी. हरवलं असेल तर पोलिसांकडची नोंद आणि फॉर्म २६.

कोल्हापूर (एमएच-०९) किंवा सांगलीहून (एमएच-१०) गाडी घेऊन इकडं ठेवणार असाल तर तिकडच्या ऑफिसातून एन.ओ.सी. घ्या, फॉर्म २८ वर. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, त्याचा अर्ज फॉर्म २७. कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्सही आला. ‘एमएच नंबर राहू दे, कोगनोळी नाक्यावर कोण विचारतंय’ असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. तपासणीत गाडी ओढून नेली की तो सल्लागार दिसत नाही.

व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१ पासून केंद्रानं याचे वेगळे नियम केलेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी यात बसते. अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा, फी, जुनं आर.सी., आणि आयात केलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, नूतनीकरणाला ५,०००. प्रमाणपत्र ६० दिवसांत द्यायचं असा नियम आहे. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो; नव्या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर.

रविवारी सकाळी सहज फिरायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ आणि तपासणी. जुन्या गाड्यांची ही फी अलीकडं बरीच वाढलीय, तेव्हा ताजा आकडा बघूनच हिशोब मांडा.

ऑफिसात फलक आणि काही अर्ज कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या मित्राला सोबत न्या, एजंटाला नव्हे. काउंटरवर ‘नमस्कार री’ म्हणून सुरुवात केली की निम्मं काम सोपं होतं.

३. गाडी बघायला जाताना

पिशवीत हे टाका: टॉर्च, कापडात गुंडाळलेलं चुंबक, स्क्रू-ड्रायव्हर, प्लग पाना, छोटा जॅक, जुनी चादर, वही.

चुंबक कापडासकट मडगार्डच्या कडेवर, दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर, फ्लोअरवर फिरवा. जिथं ते सुटून पडेल तिथं पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. एका कॉन्सलच्या मागच्या मडगार्डवर मी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. अंगठ्याएवढ्या जाडीची लांबीची खपली रंगासकट निघून हातात आली. तिच्या आतल्या बाजूवर वर्तमानपत्राची मराठी अक्षरं उलटी उमटलेली होती. भोकात आधी कागद कोंबून वरून भरलं होतं.

चादर टाकून गाडीखाली जा. मडगार्ड कुजलं तर टिंकर नवीन ठोकून देतो, चासी कुजली असेल तर सौदा सोडा. खानापूरच्या पट्ट्यात पावसाचं प्रमाण बघता तिथली गाडी अथणी-चिक्कोडीकडच्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली असणार असं धरून चाला. गोठ्यात उभी असेल तर जास्तच, शेणामुताची वाफ पत्र्याला खाते.

इंजिन जाम असेल तर घाबरू नका, पण धक्का मारून किंवा ट्रॅक्टरनं ओढून फिरवू देऊ नका. ‘ओढा की, सुटतंय’ म्हणणारा एक जण हजर असतोच. रिंगा गंजून चिकटलेल्या असतात, त्या पिस्टनसकट फुटतात. गाडी घेतल्यावर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल घाला, काही दिवस मुरू द्या, मग हँडलनं हळू मागं-पुढं करा.

आणि बदललेलं इंजिन बघा. मधल्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक गाड्यांत आणि जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. आर.सी.वर त्याची नोंद नसेल तर ती गाडी कायद्यानं लंगडी आहे, आणि व्हिंटेज नोंदणीचा रस्ताही बंद.

४. खोलण्याआधी

वर छप्पर असलेली, गाडीच्या दुप्पट जागा हवी, कारण खोललेली गाडी जोडलेल्या गाडीहून जास्त जागा खाते. प्रत्येक नट जिथून काढला तिथला फोटो, मग झिप पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई ऑइलनं पुसते. मोडकी वस्तू फेकू नका, नवीन बनवायला नमुना तीच.

पाने घेताना लक्षात ठेवा, जुन्या फोर्ड मिलिमीटरच्या नाहीत. अमेरिकन गाड्यांना इंची पाने, इंग्लिशमध्ये कुठं इंची तर कुठं व्हिटवर्थ. मिलिमीटरचा पाना ‘बसतोय जवळजवळ’ म्हणून लावलात की बोल्टचे कोपरे गेलेच.

५. उद्यमबागेचा उपयोग करून घ्या

बेळगाव हे फाउंड्री आणि मशिन शॉपचं गाव. मुंबई-पुण्याचे हौशी लोक जे पार्ट महिनोन्‌महिने परदेशातून मागवतात, त्यातले कितीतरी इथं उद्यमबागेत बनू शकतात: किंगपिन, गनमेटलचे बुश, वॉटर पंपाचा शाफ्ट, पाट्यांच्या शॅकल पिना, ब्रेक ड्रम, पितळी युनियन. ओतीव वस्तूसाठी पॅटर्नवाला वेगळा गाठावा लागतो. एका पॅटर्नचा खर्च पाच मालकांत वाटला की परवडतो, म्हणून आपल्यासारखी गाडी असलेले लोक शोधून ठेवा. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ. जुन्या ऑइल इंजिनांची कामं केलेले हात तिथं अजून आहेत.

पण ऑर्डर कशी द्यायची हे महत्त्वाचं. तिथली शॉप मोठ्या कंपन्यांचा शेकड्यानं माल काढतात. तुमची एक पिन त्यांना मधल्या वेळचं काम. शनिवारी दुपारी जा, नमुना आणि हातानं काढलेलं स्केच दोन्ही द्या, मापं झिजलेल्या भागावरून नव्हे तर न झिजलेल्या टोकावरून घ्या, आणि मटेरियल लिहून द्या. ‘कुठलंही लोखंड चालेल’ म्हटलंत तर कुठलंही लोखंड मिळेल. किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, चालत नाही. ती कडक केलेली आणि ग्राइंड केलेलीच हवी.

इथं न बनणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी करा: कार्बोरेटरचे जेट, रबरी बीडिंग, काचेची दिवे-भिंगं, मीटर. त्यासाठी मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार, नाहीतर इंग्लंड-अमेरिका. परदेशातून मागवताना एकदाच मोठी ऑर्डर द्या. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरली की वस्तूची किंमत तुम्ही समजता ती राहत नाही.

६. आधी थांबली पाहिजे

इंजिन सुरू झालं की सगळे टाळ्या वाजवतात आणि त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढतात. ब्रेकचं काम त्याआधी.

रॉडच्या ब्रेकमध्ये प्रत्येक जोडावरची पिन आणि भोक झिजलेलं असतं. एकेक झीज किरकोळ, पण बेरीज केली की पेडल फळीला टेकतं आणि चाक थांबत नाही. सगळ्या पिना नव्या करा, भोकं बुश मारून मापात आणा, मग चारही चाकं जॅकवर घेऊन सारखी आवळा. ऑइल ब्रेकमध्ये व्हील सिलिंडरला गंजाचे खड्डे पडलेले असतात. लेथवर बोअर मारून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या. रबरी कप जुन्या अ‍ॅम्बेसेडर-जीपच्या मापात कधी कधी सापडतात, व्हर्नियर घेऊन दुकानात जा.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधल्या पोरालाही हे सांगा, तो ऐकणार नाही, तरी सांगा.

टायरचं रबर चांगलं दिसतं म्हणून ठेवू नका, बाजूला चिरा असतील तर बदला. जीपचे ६.००-१६ सहज मिळतात. प्रिफेक्टचे ५.००-१६ शोधावे लागतात, मॉडेल एचे १९ आणि २१ इंची तर मागवावेच लागतात.

७. इंजिन

रिबोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग ही कामं कुठलाही चांगला बोअरिंगवाला करतो. अडतं ते बेअरिंगवर. मॉडेल ए आणि छोट्या प्रिफेक्टमध्ये आजच्यासारखी सुटी शेल बेअरिंग नसतात. व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) वितळवून थेट कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेलं असतं. ते काम करणारे कमी झालेत, पण आपल्या पट्ट्यात साखर कारखान्यांची आणि पंपांची कामं असल्यामुळं संपलेले नाहीत. ओतल्यावर मशिनवर बोअर होतं, पण शेवटचं बसवणं हाताचं. मेस्त्री क्रँकच्या जर्नलला निळी शाई पातळ पुसतो, रॉड बसवून एक फेरा देतो, काढून बघतो. जिथं निळं लागलं तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा, परत शाई, परत फेरा. घाई करणारा मेस्त्री हे काम पॉलिश पेपरनं उरकतो. त्याला देऊ नका. उलट ‘मालक, गुरुवारी या, आज अर्धंच बसलंय’ म्हणणाऱ्याकडं निर्धास्त सोडा.

ब्लॉकमधली पाण्याची वाट साफ केल्याशिवाय इंजिन परत जोडू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं आत क्षाराचे थर चढलेले असतात. वेल्श प्लग (ब्लॉकच्या बाजूच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढा, तारेनं आणि पाण्याच्या दाबानं गाळ बाहेर काढा. काही छोट्या फोर्डना वॉटर पंपच नसतो, गरम पाणी हलकं होऊन आपणहून वर चढतं. अशा गाडीत पाण्याची पातळी वरच्या होजच्या खाली गेली की फिरणंच थांबतं, आणि काटा नसल्यानं तुम्हाला कळतं ते वाफ आल्यावर.

पेट्रोल टाकीला भोक असेल तर रिकामी आहे म्हणून वेल्डिंग करायला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीहून घातक. हे काम रेडिएटरवाल्याकडून, आधी वाफेनं धुऊन, डागकामानं करून घ्या.

हँडल मारताना मॉडेल एच्या स्टिअरिंगखालचा डावा लिव्हर, म्हणजे स्पार्कचा, वर करून स्पार्क मागं घ्या. तो पुढं राहिला तर हँडल उलटं येतं आणि मनगट मोडतं. आणि हँडलला अंगठ्यानं वेटोळं घालू नका. पाचही बोटं एकाच बाजूनं.

८. वायरिंग

कापडी वेष्टनाची जुनी वायर हलवली की तुकडे पडतात. सगळी नवी टाका. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरी-सेल्फची केबल आजच्या गाडीची लावली तर सेल्फ कण्हतो आणि लोक सेल्फलाच दोष देतात. जाड केबल टाका. मॉडेल ए आणि जुन्या व्ही-एटमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. नवा इलेक्ट्रिशियन सवयीनं उलटं जोडतो, तेव्हा तिथं उभे राहा.

९. पत्रा आणि रंग

हे शेवटी, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत प्राइमर मारलेला पत्रा चार दिवस उघडा राहिला की आतून गंज धरतो. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत रंगाचे दिवस. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या, वरून पॅच ठोकू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं. दरवाज्यांच्या तळाची पाणी निघायची भोकं पेंटरनं बुजवली नाहीत ना, हे बघूनच गाडी घरी आणा.

रंग बदलायचा असेल तर आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते.

१०. बदल करायचे तर किती?

कायद्याचं सरळ आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. म्हणजे कापून टप उडवलेली, रुंद चाकांची, दुसऱ्या इंजिनाची ‘मॉडिफाइड’ जीप फोटोत छान दिसते, नाक्यावर दिसत नाही.

मी एवढंच करतो: जो बदल पाने घेऊन एका दुपारी परत काढता येईल तोच. मागचे मोठे लाल दिवे, इंडिकेटर, बॅटरीचा कट-ऑफ स्विच, पेट्रोल फिल्टर. १२ व्होल्टचं रूपांतरही यात बसवता येईल, पण जुना डायनमो, सेल्फ आणि कॉइल गुंडाळून ठेवा. चासीला भोक पाडायची वेळ आली की तो बदल रद्द.

११. चालवा

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर, पंपाचा डायफ्राम आणि बुचाचे गॅस्केट खातं, पाणीही ओढून घेतं. सगळे होज इथेनॉल सोसणारे टाका, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. इंजिनात साधं मिनरल २०-५० ऑइल चालतं.

पहिले काही फेरे गावाजवळ: हिंडलग्यावरून उचगाव फाटा, पुढं बाची, शिनोळी. रस्ता बरा, चढ सौम्य, आणि बंद पडलात तर कुणीतरी ओळखीचा भेटतोच. हायवेवर वंटमुरीचा घाट ट्रकांच्या गर्दीमुळं सुरुवातीला टाळा. चोर्ल्याला जायचं तर हिवाळ्यात, सकाळी लवकर, आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये. रॉडचे ब्रेक घाटभर दाबून धरायचे नसतात. पावसात अंबोलीचा मोह धरणाऱ्यांना एक माहिती: प्रिफेक्टचे वायपर इंजिनच्या व्हॅक्युमवर चालतात. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्युम कमी होतो आणि वायपर काचेच्या मध्यात उभे राहतात, नेमकं धुक्यात. तेव्हा पाय जरा उचलायचा, वायपर दोन फेरे मारतात, परत दाबायचं. हळूहळू जमतं.

डिकीत पाच लिटर पाणी, फॅन बेल्ट, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, वायर, होजचे क्लॅम्प आणि अग्निशामक सिलिंडर कायम.

खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घाला, पण रेडिएटरच्या जाळीवरून नको. आणि गाडी रस्त्यावर दिसली की लग्नसराईत फोन सुरू होतात: ‘दादा, आमच्या पोराच्या वरातीला तेवढी द्या की.’ भाड्यानं देऊ नका. व्हिंटेज नोंदणीत धंदा चालत नाही आणि खासगी विमाही अशा वेळी हात वर करतो. घरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, तर स्वतः चालवा. वरातीचा वेग म्हणजे माणसाच्या चालीहून कमी, वारा नाही, क्लच अर्धा दाबलेला, पुढं बँड. अर्ध्या तासात प्लेट जळते आणि पाणी उकळतं. म्हणून आधीच सांगून ठेवा: नवरदेव मांडवापासून चौकापर्यंत घोड्यावर, आणि चौकातून कार्यालयापर्यंत गाडीत. बँड पुढच्या वळणावर पोहोचेपर्यंत इंजिन बंद ठेवायचं, मग सुरू करून एका दमात तेवढं अंतर गाठायचं.